तोंडावर म्हणता येईल का?

मागच्या अंकात मी विचारलेलं की मोबाईल, राजकारण आणि सिनेमा यांच्यावरचे जे जोक गोव्यात हातोहात फिरतात त्यातल्या कुठल्यावर तुम्ही पोट धरून हसलात आणि कुठला जिव्हारी लागला. पत्रं इतकी आली की काय सांगू, त्यात आषाढातला पाऊस, लाईट तासातासाला जातेय, निम्मी पत्रं मी मेणबत्तीवर वाचलीत. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, जी निवडलीत त्यांना मनापासून देते. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

ताई, आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ४३ जण आहोत. धाकटे काका रोज सकाळी पक्षांवरचे जोक टाकतात, आम्ही अंगठा दाखवून पुढे जातो. पण मागच्या आठवड्यात एक टाकला त्यात एका महिला उमेदवाराबद्दल इतकं घाणेरडं होतं की मला राहवलं नाही, मी बोलले. काका म्हणाले, मी कुठे लिहिलाय, आलाय तो पुढे ढकलला. आता गणेशचवथीला मूळ घरी सगळे एका पंगतीत बसणार, मला आत्तापासून धडकी भरलीय. — एक सून, फोंडा

“आलाय तो पुढे ढकलला” हे वाक्य या महिन्यात मला अकरा पत्रांत सापडलं आणि दर वेळी वाचून राग आला, कारण सगळं बिघडतं ते इथेच. त्या मेसेजच्या डोक्यावर दोन बाण असतील बघ, ते बाण म्हणजे तो जोक पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय. २०१८ च्या जुलैत, अफवांवरून आपल्या देशात जमावांनी माणसं ठार मारली त्यानंतर, कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० पासून दोन बाणवाला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. म्हणजे बनवणाऱ्यांनाही कळून चुकलं की ज्या बोलण्याला धनी नाही ते धोक्याचं असतं.

आता मी तुला माझ्या आजोळचं सांगते. पेडणे तालुक्यातलं गाव, देवळाची जत्रा, मध्यरात्र उलटल्यावर दशावतार सुरू झाला, मी आठ-नऊ वर्षांची, आजीच्या मांडीवर अर्धी झोपलेली. संकासुर आला तशी जागी झाले, काळा वेष, वेद चोरून आलेला, तो येतो तोच मुळी लोकांची थट्टा करायला. त्या वर्षी गावचा रस्ता कागदावर झालेला आणि जमिनीवर नव्हता, आणि सरपंच पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलेले. संकासुर खाली वाकला, सरपंचांच्या अगदी तोंडासमोर आला आणि म्हणाला, “वेद तर मी चोरले, पण तुमचो रस्तो कोणी चोरलो?” सगळा मांडव हसला, माझी आजी हसली, ती कधी असं मोठ्याने हसायची नाही, आणि सरपंचांना पण हसावं लागलं. रस्ता व्हायला पुढे दोन पावसाळे गेले ते खरं, पण त्या दोन पावसाळ्यांत सरपंच दिसले की कोणी ना कोणी वेदांची चौकशी करायचंच.

त्या संकासुराला सगळा गाव ओळखत होता. दिवसा तो आमच्या मामाच्या शेजारी बागायतीत काम करायचा. त्याने जे म्हटलं ते ज्याच्याबद्दल म्हटलं त्याच्यासमोर म्हटलं आणि सकाळी त्याच रस्त्याने, म्हणजे नसलेल्या रस्त्याने, घरी गेला. माझ्यापाशी जोकाला मोजायचं माप हेच एक आहे, तोंडावर म्हणता येईल का. पक्ष कुठला, शिवी आहे की नाही, हे सगळं त्याच्यानंतर.

तर तू असं कर. ग्रुपवर आता काही लिहू नको, तिथे ४३ जण बघतायत आणि काकांना मागे फिरायला वाट राहणार नाही. चवथीच्या आधी एकदा त्यांना फोन कर नाहीतर भेट आणि साधं विचार, काका, हा जोक गणपतीवरच्या माटोळीखाली बसून आत्याबाईंना मोठ्याने वाचून दाखवाल का? उत्तर त्यांनाच देऊ दे. माणूस वाईट असेल असं मला तुझ्या पत्रातून वाटत नाही, मोबाईलमध्ये समोरच्याचं तोंड दिसत नाही एवढीच गोष्ट आहे.

मी गणित शिकवतो. अपूर्णांक शिकवताना मुलांना म्हटलं, दोन तृतीयांश डोक्यात बसत नसेल तर आपले आमदार बघा, ३ पैकी २, १५ पैकी १०, ११ पैकी ८, यांचं गणित कधी चुकत नाही. वर्ग खूप हसला आणि पुढच्या चाचणीत अपूर्णांक कोणाचे चुकले नाहीत. पण एक पालक तक्रार घेऊन आले, शाळेत राजकारण नको म्हणून. माझं चुकलं का? — एक शिक्षक, डिचोली

सर, तुमचा जोक मी वहीत उतरवून ठेवलाय. तो मला आवडला त्याचं पहिलं कारण म्हणजे त्यातला एकही आकडा खोटा नाही. मार्च २०१९ मध्ये मगोचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, तीनपैकी दोन आमदार भाजपमध्ये गेले, त्याच वर्षी जुलैत काँग्रेसचे पंधरापैकी दहा, आणि १४ सप्टेंबर २०२२ ला अकरापैकी आठ. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक काहीतरी येतात म्हणून सात चालत नाहीत, आठच लागतात, आणि आठच गेले. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा, घटनेचं दहावं परिशिष्ट, त्यात आधी एक तृतीयांश फुटले तरी चालायचं, २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने ती वाट बंद केली आणि दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायची वाट ठेवली, म्हणून आपल्याकडे हा अपूर्णांक चहाच्या टपरीवरच्या माणसाला पण तोंडपाठ आहे. आणि लोकांच्या मनाला जास्त कशाने लागलं म्हणाल तर, त्याच २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसाकडे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ घालायला लावली होती, की पक्ष सोडणार नाही. तीन धर्मांच्या तीन जागा. आठ महिने सुद्धा झाले नाहीत.

लोक मला लिहितात की आम्ही नुसते जोक करत बसतो आणि राग हवेत विरून जातो. मला उलट वाटतं. हे दोन तृतीयांशांचे जोक नसते ना तर तारखा आणि आकडे कधीच विसरले गेले असते, १९९० च्या दशकात आपल्याकडे किती मुख्यमंत्री आले गेले ते आज किती जणांना सांगता येईल? तुमच्या वर्गातली मुलं मतदार होतील तेव्हा हा अपूर्णांक त्यांच्या डोक्यात पक्का असेल, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

पालकांना तुमची वही दाखवा, तारखा दाखवा आणि सांगा की उद्या दुसऱ्या कुठल्या पक्षाने केलं तर तो आकडा पण फळ्यावर लिहीन. एवढं मात्र खरंच बघा, वर्गात एखाद्या कार्यकर्त्याचा मुलगा असेल आणि बाकीचे त्याच्याकडे वळून हसले असतील, तर त्याला एकटं गाठून दोन शब्द बोला. आमदारांनी जे केलं त्याची थट्टा त्या पोराच्या वाट्याला यायचं काही कारण नाही.

दादा आईच्या नकळत रील काढतो. आई बाजारात मोबाईलवरून पैसे देताना कशी गोंधळते, पिन मोठ्याने कसा म्हणते, ते टाकलंय, खूप लोकांनी बघितलं. आईला कोणीतरी दाखवलं तेव्हापासून ती मोबाईल घेऊन बाहेरच पडत नाही. — कॉलेजकुमारी, म्हापसा

बाय, दादाला हे पान वाचून दाखव. दादा, पहिलं म्हणजे ते रील आत्ताच्या आत्ता काढ, त्यात आईचा पिन ऐकू येतो आणि तो आज बदलून टाक. मग आईसमोर बस आणि माफी माग.

परवा मी म्हापशाच्या बाजारात बांगडे घेत होते. मासेवालीने क्यूआर कोड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाटीच्या कडेला अडकवलेला, त्याच्यावर खवले चिकटलेले, तिने तो पदराने पुसला आणि माझ्यासमोर धरला. माझ्या आधीच्या बाई मोबाईलशी खटपट करत होत्या, मागे रांग लागलेली, तर ही मासेवाली म्हणते कशी, “सावकाश कर गो, मिया पण आधी धा फावट चुकलंय.” रांगेतले सगळे हसले आणि त्या बाई सगळ्यात जास्त हसल्या. मोबाईल न जमण्यावर विनोद करायचा असला तर तो असा करता येतो.

आणि आईला दोन गोष्टी शिकवा त्या तिला आयुष्यभर पुरतील. पैसे द्यायला पिन लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही, म्हणून कोणी पैसे पाठवतो म्हणून पिन घालायला सांगत असेल तर तो चोर. आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करायचा, जितका लवकर तितके पैसे अडवायची शक्यता जास्त. मग तिला बाजारात एकटीला पाठवा, मागे मोबाईल घेऊन जाऊ नका.

मी काणकोणचा, पुण्यात होस्टेलवर राहतो. गोव्याचा म्हटलं की सुरूच, तू तर रोज पीत असशील, तुमच्याकडे काम कोण करतं, कधी नेतोस. गोवा प्लॅनचे मीम तर रोज. हसून घेतो पण आता आतून कंटाळलोय. — एक विद्यार्थी

हे पत्र मी तीनदा वाचलं, कारण माझ्या मुलाचं पण हेच व्हायचं.

गोवा प्लॅनचा जो मीम आहे, म्हणजे दहा मित्र ठरवतात, ग्रुप काढतात, एकाला रजा मिळत नाही, एकाची आई नाही म्हणते आणि शेवटी कोणीच जात नाही, त्याच्यावर रागावू नको बघ. त्यात ते स्वतःलाच हसतात, आपल्याला नाही. मला तर तो आवडतो, त्यात त्या मुलांची खरी तडफड दिसते, नोकरी, पैसे, घरचे. पण तू पितोस, तुमच्याकडे कोणी काम करत नाही, हे वेगळं, इथे ज्याच्यावर हसतायत त्याला कोणी कधी विचारलेलंच नाही. याची मुळं जुनी आहेत. १९७३ च्या ‘बॉबी’मध्ये गोंयकार म्हणून जो बाप दाखवला तो जॅक ब्रागांझा, मासेमारी करणारा आणि बाटलीवाला, आणि त्याच्यानंतर हिंदी पडद्यावर आपला माणूस येतो तो बहुतेक वेळा हातात ग्लास घेऊनच. त्याच सिनेमातल्या एका गाजलेल्या गाण्याची चाल आणि पुन्हा पुन्हा येणारी ओळ आपल्या देखणीतून, म्हणजे कोंकणी नाचगाण्यातून घेतलेली, नदीपलीकडे दामूच्या लग्नाला जायचंय म्हणून नावाड्याला दागिने देऊ करणारी जी कलावंतीण आहे तिची देखणी. गाणं सगळ्या देशाने डोक्यावर घेतलं आणि लक्षात काय ठेवलं तर बाटली. शापोऱ्याच्या किल्ल्याचं तेच, २००१ मध्ये आलेल्या ‘दिल चाहता है’चं तिथे शूटिंग झालं आणि आता पर्यटक किल्ल्याला सिनेमाच्याच नावाने ओळखतात, शापोरा हा शब्द शाहपुरावरून आलाय आणि तिथे आदिलशाही होती हे कोणाला ठाऊक नसतं. सुशेगाद हा शब्द पण असाच बदनाम केलाय, पोर्तुगीजमधला सोसेगादो, त्याचा अर्थ शांत, निवांत, आळशी नव्हे.

तू काय कर, पुढच्या वेळी हसून घेऊ नको, दोन गोष्टी सांग. पहाटे पाच वाजता सायकलचा हॉर्न वाजवत पाव घेऊन दारात येणारा पदेर सांग, तो भट्टीसमोर किती वाजल्यापासून जागा असतो ते सांग. आणि दिवाडीचं बोंदेरां सांग. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी असतं. जमिनीच्या हद्दीवरून भांडणं व्हायची म्हणून पोर्तुगीजांनी बावटे रोवून हद्दी ठरवल्या, लोकांना ते पटलं नाही, त्यांनी बावटे पाडले, आणि आता दर वर्षी त्याच भांडणाची नक्कल करतात, वाड्या-वाड्याचे बावटे मिरवतात आणि पोरं बांबूच्या फोताशांनी एकमेकांवर फळांच्या गोळ्या मारतात. राज्य करणाऱ्याने मारलेल्या रेषेची थट्टा करायची आणि त्याचा उत्सव करून टाकायचा! विनोदाचं हे केवढं मोठं घराणं तुझ्या पाठीशी आहे, होस्टेलवरच्या पोरांसमोर मान खाली का घालतोस. दोघा-तिघांना येत्या ऑगस्टमध्ये घेऊन ये, पण काणकोणला घरी उतरव, आईच्या हातचं जेवू दे त्यांना.

एआयने बनवलेला एका मंत्र्याचा नाचतानाचा व्हिडिओ आला. मी हसून पुढे पाठवला. माझ्या वडिलांना तो खरा वाटला आणि ते दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले. — वाचक, साखळी

हसलात यात काही चुकलं नाही. पण लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा आठवा, त्यांनी बंडलदास नावाचा मंत्री काढला, निंबूपानी नावाची नटी काढली, सगळ्या देशाने त्यांच्यात आपले मंत्री आणि आपल्या नट्या ओळखल्या, आणि कोणा एकाच्या वडिलांना ते खरं वाटलं नाही. ते चित्र आहे हे लहान पोराला पण कळायचं आणि कोपऱ्यात मारियोंची सही असायची. या व्हिडिओला सही कुठे आहे? पुढच्या वेळी पाठवायचाच असेल तर वर स्वतः लिहा की हा बनवलेला आहे. आणि वडिलांना आज संध्याकाळी सोप्यावर बसून सांगा की चूक माझी झाली, त्यांनी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांच्यासमोर ते खोटे पडायला नकोत.

वाड्यावरच्या कचऱ्याचा फोटो काढून मीम केलं, पंचायतीतला एक जण म्हणतो ६६अ लावून आत टाकीन. खरंच टाकेल? — वय १९, वाळपई

६६अ, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ऑनलाईन मजकुरावरचं कलम, आता नाहीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात ते कलम सगळंच्या सगळं रद्द केलं, त्याला दहाहून जास्त वर्षं झाली तरी धमकी देणारे तेच नाव घेतात. बदनामीचं कलम आहे, न्याय संहितेत ३५६, पण लोकांच्या हिताची खरी गोष्ट सांगणं ही बदनामी होत नाही असं त्यातच म्हटलंय. तुझ्या मीमवर फोटोची तारीख आणि जागा लिही, त्या माणसाच्या बायकोमुलांना त्यात कुठेही आणू नको, आणि धमकी लेखी आली तर जपून ठेवून वकिलाला दाखव. आणि हो, तेच मीम छापून ग्रामसभेत घेऊन जा, उभा राहून दाखव. तू हे करशील असं तुझ्या अक्षरावरून वाटतं मला.

माझी सून सासष्टीची. ती कोंकणी बोलते, मेसेज रोमी लिपीत लिहिते, मराठी बोलते तेव्हा लिंगं चुकतात. आमचे नातेवाईक तिच्या वाक्यांचे जोक करून एकमेकांना पाठवतात. ती हसते, पण स्वयंपाकघरात येऊन गप्प बसते. — सासूबाई, पेडणे

तुमचं पत्र वाचून मला आधी तुम्हालाच नमस्कार करावासा वाटला, तिचं गप्प बसणं तुमच्या नजरेने टिपलं म्हणून.

भाषेवरून आपल्याकडे जेवढं भांडण झालंय तेवढं दुसऱ्या कशावरून झालं नसेल. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, फूल की दोन पानं, एकाच घरात भाऊ इकडे नि भाऊ तिकडे, शेवटी ३४,०२१ मतांनी निकाल विलीनीकरणाच्या विरोधात लागला. पण त्या भांडणातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. विलीनीकरणाच्या विरोधातलं सगळ्यात धारदार लिखाण मराठीत होत होतं, मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात, उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ सदर. मराठी वाचकांशी वाद घालायचा तर मराठीत घालायचा, त्यांना कळेल असा, त्यांना उत्तर देता येईल असा. आज मला तिथली बाजू पटो न पटो, भांडावं तर असं. आणि तुमच्या सुनेला तर तिच्यावरचा जोक दाखवतही नाहीत, पाठीमागे फिरवतात.

तिने मराठी बोलायचं धाडस केलं, तुमच्यासाठी केलं. आता तुम्ही तिच्याकडून कोंकणी शिका, चुका करा, आणि नातेवाईक बसलेले असताना करा. आणि एकदा तिच्याबरोबर मडगावच्या रवींद्र भवनात तियात्राला, म्हणजे कोंकणी नाटकाला जा. १८९२ च्या १७ एप्रिलला मुंबईत पहिला तियात्र झाला, तेव्हापासून चालू आहे, आणि पडदे बदलताना जी कांतारां, म्हणजे गाणी, म्हणतात ना, कथेशी ज्यांचा काही संबंध नसतो, त्यात गायक पुढे येऊन मंत्र्यांचं नाव घेऊन सुनावतो, लोक वन्स मोअर म्हणून ओरडतात. सगळं नाही कळणार तुम्हाला. जे कळणार नाही ते तिला विचारा, तिला सांगू दे.

माझ्याकडे सरकारी खात्यावरचा एक जबरदस्त जोक आहे, सोबत पाठवलाय. छापा, पण माझं नाव नको. — वाचक, पणजी

जोक वाचला, हसले, खरंच चांगला आहे. पण दुःखाची आणि अडचणीची पत्रं आपण नावाशिवाय छापतो, जोक नाही. नाव कळवा, पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापते.